वेग वाढवण्याआधी अडलंय कुठे ते बघ

जळगाव

चि. ओंकार,

रायझेन ५ २६०० ओव्हरक्लॉक करू की नवा प्रोसेसर घेऊ, असं तू विचारलंस. मित्र म्हणतो ४.१ गिगाहर्ट्‌झवर ने, फुकटात काम होईल. दुकानदार म्हणतो बोर्डासकट सगळंच बदल. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे.

आधी प्रोसेसरच अडतोय का, ते पक्कं कर. प्रोसेसर भाकऱ्या थापतो आणि ग्राफिक्स कार्ड त्या भाजतं, असं समज; थापणारा मागे पडला की तवा रिकामा राहतो. एमएसआय आफ्टरबर्नर लावून तुझा नेहमीचा गेम खेळ. कार्डाचा वापर ९७-९८ टक्के दिसत असेल, तर प्रोसेसरवर पैसे घालून काही हाती लागणार नाही. तो साठ-सत्तर टक्क्यांवर घुटमळत असेल, तर रिझोल्यूशन ७२० वर आण. तरीही एफपीएस वाढले नाहीत, तर अडचण बहुधा प्रोसेसरचीच. प्रोसेसरचा एकूण वापर पन्नास टक्केच दिसतो म्हणून फसू नकोस. गेमचं मुख्य काम एखाद-दोन कोअरवरच चालतं. ते कोअर पूर्ण भरले तरी बारा थ्रेडची सरासरी कमीच दिसते.

रॅमही तपास. एकच कांडी असेल तर दुसरी तशीच टाक. ३२०० ची रॅम बायोसमध्ये प्रोफाइल चालू न केल्यामुळे २४०० वर किंवा त्याहून कमी वेगाने पळत असते, असं मी गोलाणी मार्केटमध्ये दुरुस्तीला आलेल्या मशिनांत सतत पाहतो. रायझेनला रॅमचा वेग फार लागतो.

आता ओव्हरक्लॉकिंगचं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा, म्हणजे दीडपट. तेव्हा कंपन्या चिपमध्ये तेवढी जागा मोकळी सोडत. आजचा प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून स्वतःच वेग वाढवतो, म्हणून आपल्यासाठी उरतं फार थोडं. त्या थोड्याची किंमत मात्र मोठी. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समज, ३.७ वरून ४.१ वर जाताना व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलंस: वेग वाढला ११ टक्के, उष्णता सुमारे ४० टक्के.

ही उष्णता तू सोडणार कुठे? पुण्यामुंबईत एसीच्या खोलीत बसून सांगितलेले आकडे तुझ्या धुळ्याला लागू पडत नाहीत. पंख्याचा कोणताही हीटसिंक चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि तुझी देवपूरची खोली पत्र्याखाली. डिसेंबरात चिप ७० अंशांवर राहिली, तर मेमध्ये खोली वीस अंशांनी तापल्यावर तीही जवळपास तेवढीच वर चढणार. २६०० ची मर्यादा ९५ आहे. तिथे पोचली की ती स्वतःच वेग कमी करते, म्हणजे मिळवलेलं उन्हाळ्यात गेलं. खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरचं तोंडही कॅबिनेटकडे करू नकोस. ओल्या हवेत आपल्याकडची धूळ पात्यांवर थापून बसते. वाढीव व्होल्टेजने चिप झिजते ती वेगळीच. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर जादा व्होल्टेजने बिघडू लागले, तेव्हा कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आपण हाताने व्होल्टेज वाढवून चिप बिघडवली, तर वॉरंटीही मिळत नाही.

तेव्हा चाचणीत प्रोसेसरच दोषी ठरला, तर याच बोर्डावर बहुधा बसेल असा रायझेन ५ ५६०० घे. कोअर तितकेच सहा, वीजही तीच ६५ वॉटची, पण २६०० ची १६ एमबी एल-३ कॅश दोन तुकड्यांत वाटलेली आहे आणि ५६०० ची ३२ एमबी सहाही कोअरना एकत्र वापरता येते. गेममध्ये त्याचा फरक ठळक दिसतो. जास्त उष्णता न घेता जास्त वेग मिळणं, हेच खानदेशात परवडतं. अख्खा संच बदलायचं आत्ता कारण नाही. बाकी पैसे अक्काकडे ठेवायला दे. कॉलेजची फी पुढे आहेच.

ओव्हरक्लॉकिंग शिकायची हौस मी मोडत नाही. २६०० आहे तोवर थंडीत करून बघ, पण उलट्या दिशेने: वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडंथोडं उतरव आणि तापमान किती पडतं ते वहीत लिही. त्यातून चिप जास्त कळेल.

नवा प्रोसेसर बसवण्याआधी, जुना जागेवर असतानाच, बायोस अद्ययावत कर. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस लावूनच. तुझ्याकडे नसेल तर माझा घेऊन जा. बोर्डाचं पूर्ण नाव, रॅमच्या कांड्या किती आणि चाचणीचे आकडे मला कळव. पाहून सांगेपर्यंत दुकानात आगाऊ पैसे देऊ नकोस.

तुझा
मामा