गरम पाणी आधी गोठते का?



किनवट तालुक्यातील मुलांच्या संध्याकाळच्या वर्गात मी विज्ञान शिकवतो. या तिमाहीत मी त्यांना विचारले, "दोन सारख्या वाट्यांत गरम आणि गार पाणी घालून फ्रीजरमध्ये ठेवले, तर आधी बर्फ कशाचा होईल?" सगळे म्हणाले, "गार पाण्याचा." बहुतेक वेळा तसेच होते, पण नेहमीच होते का?

१९६३ साली आजच्या टांझानियात एरास्तो म्पेंबा या शाळकरी मुलाने आइस्क्रीमसाठी उकळलेले दूध घाईत गरमच फ्रीजरमध्ये ठेवले. ते गार दुधाच्या आधी गोठले. शिक्षकांना सांगितले, तर त्यांनी चेष्टा केली. पुढे डेनिस ऑस्बोर्न हे प्राध्यापक शाळेत आले, तेव्हा त्याने भर वर्गात तोच प्रश्न विचारला. मुले हसली, पण ऑस्बोर्न यांनी परत जाऊन प्रयोग करून घेतला. १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख छापून आला.

असे का होत असावे? आपला माठ आठवा. पाझरलेले पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून लातूर-नांदेडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ छान गार होतो, कोकणच्या दमट हवेत तेवढा होत नाही. एक ग्रॅम उकळते पाणी वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता नेते. एक ग्रॅम पाणी गोठवायला मात्र ८० कॅलरीच काढाव्या लागतात. गरम पाण्याची वाफ जास्त होते, शिवाय गोठायला पाणीही थोडे कमी उरते. भांड्याखालचे हिम वितळून भांडे थंड पृष्ठभागाला नीट टेकते, हेही एक कारण सांगतात.

तरी वाद मिटलेला नाही. २०१६ मध्ये बरिज आणि लिंडन या संशोधकांना असा परिणाम आढळला नाही. थर्मामीटर एखादा सेंटिमीटर वर-खाली झाला तरी निकाल फिरतो, असे त्यांनी दाखवले. म्हणजे म्पेंबाचा प्रश्न अजूनही जिवंत आहे.

आमच्या वर्गातली पुष्कळ मुले घरी गोंडी किंवा कोलामी बोलतात आणि शाळेत मराठीतून शिकतात. प्रश्न विचारायला त्यांना आधी शब्द शोधावे लागतात. एकदा हसे झाले, की पुन्हा हात वर होत नाही. म्हणून मुलाचा प्रश्न चुकीचा वाटला, तरी आधी तपासून पाहावा. वही-पुस्तकांसाठी आपण मदत पाठवता. प्रश्नांना मिळणारा असा वेळही तितकाच मोलाचा आहे.

घरी करून पाहा: स्टीलच्या दोन सारख्या वाट्या घ्या, काचेच्या नकोत. मापून सारखेच पाणी घाला. दर दहा मिनिटांनी पाहून वहीत नोंद करा. "गोठले" म्हणजे वर पापुद्रा आला की तळापर्यंत बर्फ झाला, हे आधीच ठरवा. वाट्यांच्या जागा बदलून तीनदा करा, मगच निकाल सांगा.