घटक ४ : बातमीची भाषा, पक्षपात आणि वृत्तपत्रांचे नियमन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर बातमीतील पक्षपात वाक्यरचनेत कसा उतरतो, हे आपल्याला उदाहरणांसह दाखवता येईल. तसेच वृत्तपत्रांच्या नियमनाची कोणती बाजू कायद्याच्या आवाक्यात येते आणि कोणती येत नाही, याविषयी साधार मत मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

वृत्तपत्र पक्षपाती आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा खोटी बातमी आपल्या मनात असते. परंतु खोटी बातमी हा पक्षपाताचा सर्वांत ढोबळ प्रकार होय. ती पुराव्याने खोडता येते, खुलासा छापण्याची मागणी करता येते, प्रसंगी अब्रुनुकसानीचा दावाही लावता येतो. जिच्यातील प्रत्येक तपशील खरा आहे आणि तरीही जी एका बाजूला कललेली आहे, अशा बातमीचे काय करावयाचे? नियमनाचा अवघड प्रश्न येथे सुरू होतो. भाषेच्या अभ्यासकाला या वादात सांगण्यासारखे काही आहे, कारण हा कल पुष्कळदा व्याकरणात दडलेला असतो.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ क्रियापदातील निवाडा

अभ्यासासाठी रचलेली पुढील वाक्ये पाहा.

(अ) पोलिसांनी मोर्चेकऱ्यांवर लाठीमार केला.
(आ) मोर्चेकऱ्यांवर लाठीमार झाला.
(इ) पोलिसांना मोर्चेकऱ्यांवर लाठीमार करावा लागला.
(ई) पोलीस मोर्चेकऱ्यांवर तुटून पडले.

घटना एकच आहे. पहिल्या वाक्यात कर्ता आणि त्याची कृती दोन्ही समोर आहेत. दुसऱ्यात 'करणे'च्या जागी 'होणे' आले आणि कर्ता नाहीसा झाला. पाऊस पडावा तसा लाठीमार आपोआप घडल्यासारखा वाटतो. तिसरे वाक्य अधिक लक्ष देऊन वाचावे. 'करावा लागला' या रचनेत नाइलाजाचा अर्थ आहे. हा लाठीमार अपरिहार्य होता, असा निवाडा बातमीदाराने एका सहायक क्रियापदात देऊन टाकला आहे. जमावाने आधी काय केले, इशारा दिला गेला होता का, यांपैकी काहीही न सांगता! चौथे वाक्य तितक्याच सहजपणे उलट बाजूला झुकते.

वक्त्याच्या तोंडी घातलेली क्रियापदेही अशीच असतात. मंत्री 'स्पष्ट करतात', विरोधक 'आरोप करतात', अधिकारी 'माहिती देतात' आणि शेतकरी 'टाहो फोडतात'. 'स्पष्ट केले' म्हटले की सांगितलेली गोष्ट खरी आहे हे गृहीत धरले जाते. 'दावा केला' म्हटले की तिच्याविषयी शंका उत्पन्न होते. 'कबूल केले' म्हटले की दोष आधीच सिद्ध झाल्यासारखा होतो. 'म्हणाले' हे साधे क्रियापद मात्र आपल्या बातम्यांतून दुर्मीळ होत चालले आहे. यामागे दरवेळी कारस्थान असते असे नव्हे. प्रसिद्धिपत्रकातील वाक्य घाईत जसेच्या तसे पानावर जाते, आणि पक्षपात पुष्कळदा अशा आळसातून येतो.

४.३.२ शब्दांवरील खटला

मग अशा भाषेवर कायद्याने अंकुश ठेवावा काय? शब्दांचा कल न्यायालयाने ठरवावा, हा प्रयोग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १८७८चा कायदा तर केवळ देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी होता; इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती. पुढे १८९७मध्ये 'केसरी'तील लेखनावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ लावला. १९०८च्या खटल्यात 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख इंग्रजी भाषांतरातून न्यायालयापुढे आले. भाषांतरात मूळ शब्दांच्या छटा बदलल्या आहेत, असा टिळकांचा आक्षेप होता आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी स्वतः घेतली. सात ज्युरींनी त्यांना दोषी ठरविले, दोघांनी निर्दोष. ते सातही युरोपीय होते. शिक्षा झाली सहा वर्षे काळ्या पाण्याची.

येथे न्यायमूर्तींच्या हेतूपेक्षा एक भाषिक मुद्दा लक्षात घ्यावा. शब्दाची छटा वाचणाऱ्याच्या जागेवरून ठरते, आणि ती ठरविण्याचा अधिकार सत्तेकडे गेला की सत्तेची छटा हीच प्रमाण होते. परकी सत्ता गेली म्हणून हा धोका गेला, असे मानण्यास आधार नाही.

४.३.३ पाने आणि पैसा

नियमनाचा दुसरा मार्ग व्यवसायातून जातो. १९५६च्या कायद्याने आणि १९६०च्या आदेशाने वृत्तपत्राची किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घातली. लहान पत्रांना संरक्षण मिळावे, हा सांगितलेला हेतू. पुण्याच्या 'सकाळ'ने त्यास आव्हान दिले, कारण पाने कमी करावीत किंवा किंमत वाढवावी, एवढेच पर्याय उरत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये हा कायदा रद्द ठरविला. किती वाचकांपर्यंत पोहोचावे, हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, ही भूमिका त्यातून प्रस्थापित झाली.

भारतीय वृत्तपत्र परिषद १९६६मध्ये स्थापन झाली. आणीबाणीत, म्हणजे तिची खरी गरज असताना, ती बरखास्त करण्यात आली! १९७८च्या कायद्याने तिची पुनर्रचना झाली. समज देणे, कानउघाडणी करणे आणि निषेध नोंदविणे एवढेच तिचे अधिकार आहेत. दंड ती करू शकत नाही. २००९च्या निवडणुकांत महाराष्ट्रातील स्पर्धक दैनिकांनी एकच स्तुतिपर मजकूर शब्दशः छापल्याचे पी. साईनाथ यांनी उघड केले. 'पेड न्यूज'वर परिषदेने उपसमिती नेमली, पण तिचा संपूर्ण अहवाल २०१०मध्ये प्रसिद्ध झाला नाही. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११मध्ये तो लोकांसमोर आला. परिषदेवर वृत्तपत्रमालकांचेही प्रतिनिधी असतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

प्रस्तुत लेखकाच्या मते, वृत्तपत्राने कोणते क्रियापद वापरावे हे कायद्याने सांगू नये. मात्र त्या क्रियापदाचे पैसे कोणी दिले, हे वाचकाला सांगण्याची सक्ती कायद्याने करावी. 'करावा लागला' हे मत असू शकते. विकत घेतलेली बातमी ही जाहिरात असते आणि ती जाहिरात म्हणूनच छापली गेली पाहिजे. या मतालाही अडचणी आहेत. मालकाचे इतर उद्योग, सरकारी जाहिरातींवरील अवलंबित्व यांचा प्रभाव पावतीवर दिसत नाही. छोट्या जिल्हा दैनिकाला तर सरकारी जाहिरात थांबणे हीच शिक्षा वाटते, आणि तिच्याविरुद्ध दाद मागणे सोपे नसते.

४.४ स्वाध्याय

एकाच दिवसाची दोन मराठी दैनिके घ्या आणि एकाच घटनेच्या बातम्या शेजारी ठेवा. कर्ता कोठे गाळला आहे, 'लागणे' कोठे आले आहे आणि कोणाच्या बोलण्याला कोणते क्रियापद जोडले आहे, याची नोंद करा. नंतर दोन्ही बातम्या फक्त 'म्हणाले' आणि 'केले' ही क्रियापदे वापरून पुन्हा लिहा. लिहिताना कोणती माहिती अपुरी पडली, हे सुमारे २०० शब्दांत मांडा व संपर्कसत्रात समंत्रकांना दाखवा.