गणवेश आणि मोकळी हालचाल

प्रस्तावना

कपडे आणि काम यांचे नाते मराठी भाषेने फार पूर्वीपासून ओळखले आहे. कठीण कार्य हाती घेताना माणूस ‘कंबर कसतो’, कामाला भिडताना ‘बाह्या सरसावतो’ आणि घरातील स्त्री ‘पदर खोचून’ उभी राहते. हे वाक्प्रचार कुणा पंडिताने घडवलेले नाहीत. शेतात, अंगणात, विहिरीवर राबणाऱ्या माणसांच्या अनुभवातून ते आले आहेत. अंगावरचे वस्त्र आवरल्याशिवाय हातपाय मोकळे होत नाहीत, हे साधे सत्य त्यांत साठवलेले आहे. हेच सत्य शाळेच्या गणवेशाला लावून पाहिले तर काय दिसते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• पोशाख आणि शारीरिक हालचाल यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• आकडेवारीवरून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे सांगू शकाल;
• गणवेशाच्या दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत देऊ शकाल.

मूळ पाठ

जयपूर हे ‘गुलाबी शहर’ म्हणून ओळखले जाते. १८७६ साली ब्रिटिश युवराजाच्या स्वागतासाठी शहरातील इमारतींना एकच रंग देण्यात आला, असे सांगतात. एका परीने त्या वेळी साऱ्या शहरानेच गणवेश चढवला. एकसारखेपणात एक शोभा असते, शिस्त असते; म्हणूनच शाळांनाही गणवेश प्रिय असतो. परंतु भिंतींना धावायचे नसते, मुलांना धावायचे असते. त्यामुळे मुलांच्या पोशाखाचा विचार केवळ शोभेच्या अंगाने करून भागत नाही.

याच जयपुरात १९४३ साली महाराणी गायत्रीदेवी यांनी मुलींसाठी शाळा काढली. गायत्रीदेवींच्या मातोश्री इंदिराराजे या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या कन्या. ज्या सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या संपूर्ण संस्थानात मुलामुलींसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांची ही नात. घोडेस्वारी आणि टेनिस यांची तिला लहानपणापासून आवड होती. १९४० साली विवाह होऊन ती जयपुरास आली, तेव्हा तेथील सरदार घराण्यांतील स्त्रिया पडद्यात राहत असत. लिलियन लटर या पहिल्या मुख्याध्यापिकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या या शाळेत अशाच घरांतील मुली येऊ लागल्या. आपल्या मुलींना घराबाहेर पाठवण्यास अनेक कुटुंबे प्रारंभी कचरत होती. पडदा म्हणजे तरी काय? वस्त्राने हालचालीला घातलेला बांधच तो. शाळेचा दरवाजा उघडला, तेव्हा त्या बांधाला पहिली फट पडली.

राजस्थानच्या भूमीने याच्या उलट उदाहरणही जगाला दिले आहे. जोधपूरच्या घोडेस्वारांची तुमान मांडीजवळ सैल आणि गुडघ्याखाली घट्ट असे. त्यामुळे खोगिरावर बसताना पाय मोकळे राहत आणि पोटऱ्यांना कापड घासत नसे. १८९७ साली सर प्रतापसिंह हे व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवासाठी इंग्लंडला गेले, तेव्हापासून ही तुमान तेथे लोकप्रिय झाली. आजही जगभर ती ‘जोधपूर’ याच नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रातील नऊवारी लुगड्याचा कासोटाही असाच. तो घालून बायकांनी शेते नांगरली, घोडे पिटाळले आणि अंगणात झिम्मा-फुगडीचे फेर धरले. पूर्वजांना पोशाख आणि काम यांचा मेळ घालणे ठाऊक होते, हे यावरून दिसते.

शाळेचा गणवेश मात्र बहुधा बाकावर बसण्याच्या हिशेबाने शिवला जातो. मधल्या सुट्टीत कोणत्याही शाळेच्या पटांगणाकडे पाहावे. मुलगे मैदानाचा मधला भाग व्यापून धावत असतात. मुलींपैकी पुष्कळजणी कडेला, भिंतीलगत किंवा झाडाखाली बसून बोलत असतात. त्यांना खेळावेसे वाटत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु त्यांच्या अंगावरील कपड्यांकडे पाहिले तर दुसरे कारणही दिसते. उडी मारली तर स्कर्ट उडेल, पडले तर लोक हसतील, ही धास्ती मनात असते. सलवार-कमीज असेल तर पाय मोकळे राहतात, पण ओढणी सावरण्यात एक हात गुंतून पडतो. मासिक पाळीच्या दिवसांत फिकट रंगाचा गणवेश असला, की मुलगी जागची हलत नाही. मुलग्यांनाही कडक तळव्याचे बूट आणि गळ्यातील टाय जाचतात. जयपूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेथे जाड कृत्रिम धाग्याचे कापड घाम शोषत नाही आणि खेळणारे मूल लवकर थकते.

या निरीक्षणाला अभ्यासाचाही आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावयास हवी. जगातील ११ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ८१ टक्के जणांची २०१६ साली तेवढी हालचाल होत नव्हती. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के, तर मुलग्यांत ७८ टक्के होते. २०२४ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी १३५ देशांतील दहा लाखांहून अधिक मुलामुलींच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या देशांत बहुसंख्य शाळांमध्ये गणवेश सक्तीचा आहे, तेथे ६० मिनिटांची मर्यादा गाठणारी मुले १६ टक्के आढळली. जेथे गणवेशाचा प्रघात कमी आहे, तेथे १९.५ टक्के. प्राथमिक शाळेच्या वयात मुलगे आणि मुली यांच्यातील तफावत गणवेश नसलेल्या देशांत ५.५ टक्क्यांची, तर गणवेश असलेल्या देशांत ९.८ टक्क्यांची होती.

हे आकडे विचारपूर्वक वाचले पाहिजेत. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. गणवेश असलेल्या देशांत मैदाने कमी असतील, अभ्यासाचा ताण अधिक असेल, मुलींवर घरकामाचा भार असेल. गणवेशामुळेच हालचाल कमी होते, हे या अभ्यासाने सिद्ध झालेले नाही, हे संशोधकांनीही स्पष्ट केले आहे. तरीही प्राथमिक वयातील मुलींमध्ये दिसणारी वाढीव तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही. कारण याच वयापासून तारुण्याच्या उंबरठ्यापर्यंत हाडे बळकट होतात, फुप्फुसांची क्षमता वाढते आणि खेळण्याची सवय अंगी मुरते. दहाव्या वर्षी कडेला बसलेली मुलगी विसाव्या वर्षी आपण होऊन मैदानात उतरेल, याची शाश्वती कोण देणार?

मग गणवेश बंदच करावा काय? तसे करणे योग्य ठरणार नाही. गणवेशामुळे श्रीमंत आणि गरीब मुलांतील फरक शाळेपुरता तरी झाकला जातो. रोज कोणते कपडे घालावेत, ही गरीब घरातील काळजी मिटते. सरकारी शाळांतील अनेक मुलांना गणवेश मोफत मिळतो आणि कित्येकांचा तोच वर्षातील एकमेव नवा पोशाख असतो. म्हणून प्रश्न गणवेश असावा की नसावा हा नाही. तो कसा असावा, हा आहे.

दुर्दैवाने गणवेशाची चर्चा बहुधा रंगापाशीच थांबते. राजस्थानातील सरकारी शाळांचा गणवेश २०१७ साली बदलून तपकिरी छटांचा झाला. २०२१ साली फिकट निळा आणि गडद करडा हे रंग जाहीर झाले. दोन्ही वेळा डोळ्यांत भरला तो रंगातील बदल. याच राज्यात नववीतील मुलींना शाळेत येण्यासाठी सायकली देण्याची योजना राबवली गेली. सायकल चालवणाऱ्या मुलीला रंगापेक्षा शिवणीची गरज अधिक असते. तिची ओढणी चाकात अडकू नये आणि पाय पॅडलवर मोकळे राहावेत, एवढेच तिचे मागणे असते.

शिवणीचा विचार केरळमध्ये झाला. एर्नाकुलम जिल्ह्यातील वळयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने मुलगे व मुली दोघांसाठी सारखाच सदरा आणि गुडघ्यापर्यंतची विजार ठरवली. २०२१ साली कोळिकोड जिल्ह्यातील बालुश्शेरी येथील मुलींच्या सरकारी शाळेत सदरा आणि पूर्ण विजार आली. त्या वेळी काही संघटनांनी विरोधही केला. पोशाखाशी रूढी, श्रद्धा आणि संकोच निगडित असतात. त्यामुळे असा बदल हुकमाने न होता पालकांशी आणि मुलींशी बोलून व्हावा, हा त्यातून घेण्याजोगा धडा आहे.

पुष्कळ सुधारणा फारशा खर्चाविना होऊ शकतात. स्कर्टाखाली आखूड विजार घालण्याची सोय, ओढणीऐवजी जाकीट, सुती कापड, मऊ तळव्याचे कापडी बूट आणि ज्या दिवशी खेळाचा तास असेल त्या दिवशी खेळाच्याच पोशाखात दिवसभर राहण्याची मुभा, एवढे केले तरी मोठा फरक पडेल. २०२५ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारतीय महिला संघ विजयी झाला. त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. बसल्या जागेवरून क्षणात उठून झेपावणे हा खो-खोचा प्राण आहे. स्कर्ट सावरत किंवा ओढणी धरून तशी झेप घेता येत नाही.

पदर खोचण्याची मुभा आजीला होती. नातीच्या गणवेशात तेवढी सोय ठेवणे हे शाळेचे आणि पालकांचे काम आहे.

शब्दार्थ

तुमान – पायजम्यासारखे वस्त्र
कासोटा – दोन्ही पायांमधून नेऊन मागे खोचलेला वस्त्राचा भाग
तफावत – फरक, अंतर
शाश्वती – खात्री
मुभा – परवानगी, मोकळीक

स्वाध्याय

१. पडद्याला ‘वस्त्राने हालचालीला घातलेला बांध’ का म्हटले आहे?
२. जोधपुरी तुमान आणि नऊवारीचा कासोटा यांत कोणते साम्य आहे?
३. केंब्रिजच्या अभ्यासावरून कोणता निष्कर्ष काढता येत नाही? का?
४. ‘कंबर कसणे’, ‘बाह्या सरसावणे’, ‘पदर खोचणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या शाळेच्या गणवेशाचे निरीक्षण करा. त्यात मुलामुलींच्या खेळाच्या दृष्टीने कोणते बदल व्हावेत, हे सुचवणारे पत्र त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहा.