हमीचा कागद

आमच्या घाटघरच्या माथ्यावर जीवधन किल्ला आहे आणि जवळच नाणेघाट आहे. घाटातल्या लेण्याच्या भिंतींवर अक्षरे कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळी यज्ञात किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, त्याची ती नोंद आहे. त्या वाटेने जाणारे लोक जे बोलले ते वाऱ्यावर गेले. लिहिलेले मात्र राहिले. गाडीच्या दुरुस्तीतही असेच आहे. कसे ते पाहू.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कर्ज काढून नवी पिकअप गाडी घेतली. भात, हिरडा, भाजी भरून तो स्वतःच गाडी हाकत जुन्नरच्या बाजाराला जातो. त्याच भाड्यावर घर चालते, त्यातूनच हप्ता जातो. लहानपणी त्याची शाळा तिसरीतच सुटली. आता तो आमच्या रात्रीच्या वर्गात बसतो.

एके सकाळी तो आला आणि म्हणाला, "गुरुजी, गाडीखाली तेल सांडतंय."

आम्ही जाऊन पाहिले. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, तो तेलाने ओला झाला होता आणि त्यावर माती चिकटली होती. तेल दाट होते आणि त्याला उग्र वास होता.

या गोळ्याला मेकॅनिक डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून लांब शाफ्टने इथवर येते. इथली दातेरी चाके ती दोन्ही मागच्या चाकांना वाटून देतात. हे दाते तेलात फिरतात. शाफ्ट जिथे आत शिरतो तिथे रबराची एक कडी असते. तिला ऑइल सील म्हणतात. ती झिजली, फाटली किंवा नीट बसली नाही, की तेल गळते. गोळ्याला हवा जायला वाट असते. ती चिखलाने बुजली तर आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर येते. तेल कमी झाले की दाते तापतात, घासतात आणि मागून घूं घूं आवाज येतो. सील स्वस्त असते. दाते गेले तर मोठा खर्च येतो.

"नवी गाडी आहे. तू दाखवली नाहीस?" आम्ही विचारले.

"दोनदा दाखवली, गुरुजी. ते म्हणाले, थोडं पाझरतंच, पुढच्या सर्व्हिसला बघू."

"कागद आण."

त्याने दोन्ही जॉबकार्डे आणली. त्यांवर फक्त 'सर्व्हिस' एवढेच होते. तेलगळतीचे एक अक्षर नव्हते! मग आम्ही वॉरंटीची, म्हणजे हमीची, पुस्तिका उघडली. हमी इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, जे आधी संपेल तिथवर, असे तीत होते. त्याचे किलोमीटर संपायला महिनाच उरला होता.

आम्ही त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, बाहेरच्या मेकॅनिककडून गोळा उघडायचा नाही. नाहीतर 'दुसऱ्याने उघडला' असे म्हणून हमी नाकारायला कारण मिळते. दुसरी, रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा आणि सकाळी डागाचा व किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढायचा. तिसरी, तक्रार आपल्या शब्दांत कार्डावर लिहून घ्यायची. त्याने वहीत स्वतःच्या हाताने लिहिले: "मागच्या डिफरन्शियलमधून तेल गळते. हमीत दुरुस्त करून द्यावे."

दुसऱ्या दिवशी आम्ही बरोबर गेलो. तिथल्या माणसाने कार्ड भरले आणि सही करायला पुढे केले. आमचा गडी म्हणाला, "काय लिहिलंत ते वाचून दाखवा."

"साधी तपासणी."

"साहेब, ही माझी तक्रार नाही. माझी ही." त्याने वही पुढे ठेवली. "मराठीत लिहिलं तरी चालेल."

आम्ही गप्पच उभे होतो. त्या माणसाने वहीतले वाक्य जसेच्या तसे उतरवले. तारीख घातली, किलोमीटर घातले. मग याने सही केली.

तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. सील नवे घातले होते, तेल भरले होते, हवेची वाट साफ केली होती. बिलावर रक्कम शून्य होती. ते शून्य त्याने स्वतः वाचले. ते बिल त्याने जपून ठेवले आहे. गळती पुन्हा झाली, तर ती हमीच्या काळातली आहे याचा तो पुरावा आहे.

दुरुस्ती नाकारली असती तर? तर लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तरीही दाद लागली नाही, तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती केली पाहिजे.

कोणी म्हणेल, गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही. तर घाबरू नये. पोटासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली हे स्पष्ट केले आहे, आणि आजच्या कायद्यातही तसेच आहे.

परवा आमचा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, गाडी चालवायला हात लागतात, पण गाडी राखायला अक्षर लागतं." आम्ही हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवले आहे.

प्रश्न
1. डिफरन्शियलमध्ये तेल कशासाठी असते?
2. पहिल्या दोन फेऱ्यांत काय चुकले?
3. सही करण्यापूर्वी काय करावे?
4. तुमच्या घरातल्या एखाद्या वस्तूचा हमीचा कागद शोधा. हमी केव्हा संपते ते वहीत लिहा.