टाकी भरलेली, काटा पाऊणवर

प्रश्न : आमच्याकडे वडिलांनी घेतलेली १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या वर्षी टिनकाम आणि रंगकाम करून घेतलं. तेव्हापासून टाकी काठोकाठ भरली तरी पेट्रोलचा काटा पाऊणच्या वर चढत नाही आणि रात्री दिवे लावले की तो जागा बदलतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, मीटर बदला. मूळ मीटर काढायचं जिवावर येतं. काय करावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : मीटरला एवढ्यात हात लावू नका. दोष बहुधा दुसरीकडे आहे आणि त्याच्या दोन्ही खुणा तुम्हीच सांगितल्या आहेत : नवा रंग आणि रात्रीचे दिवे.

टाकीत दांडीच्या टोकाला एक फ्लोट असतो. पेट्रोल चढलं-उतरलं की दांडी हलते आणि तिचं दुसरं टोक बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकतं. त्यामुळे विद्युत रोध बदलतो आणि मीटरचा काटा त्यानुसार फिरतो. मीटरमधून आलेला करंट या युनिटमधून गाडीच्या बॉडीत उतरतो आणि बॉडीमार्गे बॅटरीकडे परततो. या परतीच्या वाटेवर, म्हणजे टाकीचे किंवा युनिटचे स्क्रू जिथे बसतात तिथे, रंगाचा किंवा गंजाचा थर आला की रोध वाढतो. मीटरला हा वाढीव रोध फ्लोटचाच वाटतो. मागच्या दिव्यांची अर्थिंग त्याच जागेतून जात असेल, तर दिवे लावताच तिथे जास्त करंट येतो आणि काटा सरकतो. काही गाड्यांत तर इंडिकेटरच्या उघडझापीबरोबर काटा थरथरताना दिसतो.

खात्री करणं सोपं आहे. इग्निशन बंद ठेवून, युनिटच्या धातूच्या कडेपासून बॉडीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यापर्यंत एक जादा वायर घट्ट जोडा. मग इग्निशन चालू करा. काटा पूर्ण चढला आणि दिवे लावल्यावर जागचा हलला नाही, तर तीच वायर नीट रिंग लावून कायमची बसवा. दहा-वीस रुपयांत काम झालं.

तरीही फरक पडला नाही, तर इग्निशन बंद करून युनिटवरची मीटरची वायर काढा आणि बारा व्होल्टच्या छोट्या बल्बमार्फत बॉडीला जोडा. थेट जोडणं मी टाळतो, काही मीटरना ते सोसत नाही. आता इग्निशन चालू केल्यावर काटा ठळकपणे सरकायला हवा. कोणत्या दिशेला, ते मीटरच्या जातीवर अवलंबून असतं. काही ‘फुल’कडे धावतात, काही उलट ‘रिकामी’कडे. सरकला, तर मीटर आणि वायर ठीक आहेत, बिघाड टाकीत आहे. अजिबात नाही हलला, तरच फ्यूज, वायर आणि शेवटी मीटरकडे वळा.

युनिट बाहेर काढायची वेळ आली, तर टाकी जवळजवळ रिकामी असू द्या, बॅटरीची वायर सोडा आणि काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ द्रवापेक्षा घातक असते, हे गॅरेजवालेही विसरतात. फ्लोट कानाशी हलवून पाहा : आत पेट्रोल खळखळलं, तर तो पोकळ फ्लोट फुटलाय आणि बुडतोय. त्यावर डाग देण्याचा मोह मात्र आवरा, आत वाफ असते, बदललेला बरा. मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू फिरवली की आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडाला, तर तार झिजली आहे.

युनिट परत बसवताना नवी पॅकिंग घाला. सध्या पंपांवर मिळणारं इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, आणि गळती टाकीच्या वरच्या बाजूला असली तर टाकी भरेपर्यंत ती कळतही नाही. सगळं जुळल्यावर टाकी रिकामी होत आली की पाच-पाच लिटर भरत काट्याची जागा वहीत टिपा. कारखान्यातून आलेले हे काटेही कधी अगदी काटेकोर नव्हते.