लेसर, वीज आणि शहाबादी फरशी

सीडी प्लेअर हे अंकीय यंत्र असल्यामुळे ते झिजत नाही, त्याला फारशी निगा लागत नाही आणि कोणताही प्लेअर घेतला तरी आवाज सारखाच येतो, असा समज कॅसेट सोडून सीडीकडे वळलेल्या पिढीत घट्ट रुजला होता. बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील मराठी घरांत या यंत्रापायी जो मनस्ताप झाला, त्यातला बराचसा या एकाच समजातून निघालेला दिसतो. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या आणि 1982 साली बाजारात आलेल्या या 12 सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर ध्वनीची दर सेकंदाला 44,100 मापे, प्रत्येक माप 16 बिटांचे, अशी नोंद असते, आणि ती नोंद महागड्या यंत्रासाठी वेगळी व स्वस्त यंत्रासाठी वेगळी नसते. फरक पडतो तो ही मापे वाचणाऱ्या यांत्रिक भागात, त्यांची पुन्हा विद्युतलहर करणाऱ्या परिवर्तकात, आणि त्याहूनही अधिक, ते यंत्र ज्या घरात नांदणार त्या घरातील वीज, धूळ आणि खोली यांमुळे.

या भागातील श्रोत्याची भूक कोणती, हे ध्यानात घेतल्याशिवाय निवडीचा विचार पुरा होत नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठवाड्याकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात गेला. परंतु कानांची वाटणी तशी झाली नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या संस्थानाने गाण्याला दिलेला आश्रय, एकाच घरात ऐकले जाणारे मराठी अभंग आणि कन्नड दासपदे, भीमसेन जोशी आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावर दोन्ही भाषांनी सांगितलेला हक्क, यांमुळे इथल्या संग्रहात कंठसंगीताचे पारडे नेहमीच जड राहिले. अशा श्रोत्याला सीडीचा खरा लाभ झाला तो वेळेचा. 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे, लाँगप्लेची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांत, तर सीडीवर 74 मिनिटे मावतात, म्हणजे विलंबित ख्याल मध्ये न तुटता द्रुतापर्यंत जाऊ शकतो. मात्र स्वस्त डीव्हीडी प्लेअरवर सीडी लावणाऱ्यांना हा लाभ पुष्कळदा मिळाला नाही, कारण त्यांतील कित्येक यंत्रे एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर जाताना क्षणभर थांबतात, आणि आलापाच्या मधेच ट्रॅकची खूण असली की तानपुरा तेवढ्यापुरता नाहीसा होतो. सिनेमाच्या गाण्यांत हा दोष कळतही नाही, म्हणून दुकानात तो सहसा कोणी तपासत नाही.

आजमितीस घरगुती सीडी प्लेअर बहुधा जुन्या बाजारातूनच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी बीदरकर हैदराबादकडे, कलबुर्गीकर सोलापूर किंवा हैदराबादकडे पाहतो. येथे पहिली खबरदारी विजेच्या दाबाची होय. जपानमध्ये वापरण्यासाठी बनलेली यंत्रे 100 व्होल्टवर आणि अमेरिकेतील 120 व्होल्टवर चालतात. ती आपल्याकडील 230 व्होल्टच्या सॉकेटला थेट जोडली तर आतील ट्रान्सफॉर्मर जळण्याची धास्ती असते, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी यंत्राच्या पाठीवरील पट्टी वाचावी, आणि विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

दुसरी खबरदारी लेसरची. प्लेअर तबकडी आतून बाहेर वाचत जातो, आणि वाचनाचा वेग कायम राहावा म्हणून तिच्या फेऱ्या मिनिटाला सुमारे 500 पासून 200 पर्यंत कमी होत जातात; अशक्त लेसर किंवा झिजलेली मोटर सुरुवातीला तग धरते आणि बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटच्या ट्रॅकवर, अडखळू लागते. दुकानदार पहिले गाणे वाजवून दाखवतो, आणि तेवढ्यावर समाधान मानणाऱ्यांना घरी आल्यावर ‘नो डिस्क’ ही अक्षरे पाहावी लागतात. यास्तव सत्तर मिनिटांच्या वरची एक तबकडी सोबत न्यावी, यंत्र तासभर तापू द्यावे आणि मग शेवटची पाच मिनिटे ऐकावीत. खप मोठा असलेल्या लेसर-एककाचे, उदाहरणार्थ सोनीच्या केएसएस-213 या मालिकेचे, सुटे भाग अजून मिळतात. दुर्मीळ एकक असलेले देखणे यंत्र मात्र एकदा बंद पडले की शोभेपुरते उरते. दुरुस्तीविषयी दोन गोष्टी माहीत असाव्यात. लेसरजवळच्या चिमुकल्या स्क्रूने त्याची शक्ती वाढवून यंत्र चालू करून देणारा मेकॅनिक स्वस्त पडतो खरा, पण असा ताणलेला लेसर लवकरच कायमचा जातो. तसेच स्थिर विजेपासून बचाव व्हावा म्हणून या जातीच्या नव्या एककावर कथलाचा एक ठिपका मुद्दाम लावलेला असतो. भाग बसवल्यावर तो काढावा लागतो, आणि हे ठाऊक नसलेला कारागीर चांगला भाग खराब ठरवून परत करतो.

घरात आल्यावर यंत्राची गाठ काळ्या मातीच्या धुळीशी, देवघरातल्या धुपाशी आणि फोडणीच्या धुराशी पडते. लेसरचे भिंग शेंगदाण्याहून लहान असते आणि ज्या सर्पिल रेषेवर ते झोत धरते तिच्या दोन वेढ्यांमधील अंतर अवघे 1.6 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून थोडे अधिक असते, त्यामुळे तेलकट धुराचा पातळ थरही वाचनात आडवा येतो. तबकडी पुसायची ती मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत, गोलाकार नव्हे. कारण चुका दुरुस्त करण्याची जी गणिती योजना सीडीत आहे ती रेषेला आडव्या गेलेल्या ओरखड्याचे नुकसान भरून काढते, पण रेषेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा तिच्या आवाक्याबाहेर जातो. चमकत्या बाजूची सगळे काळजी घेतात, छापील बाजूकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः ॲल्युमिनियमचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो आणि तिथला खोल ओरखडा भरून निघत नाही.

वळवाच्या पावसात, गडगडाट ऐकू येताच, प्लग काढून ठेवणे हा नियम या पट्ट्यात सर्वांनाच कळतो. अर्थिंगचे महत्त्व मात्र उशिरा पटते: स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण पुष्कळदा प्लेअरची नसून सैल अर्थिंगची किंवा चौकोनी लहर देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरची असते, आणि तिच्यापायी निर्दोष यंत्र विकून टाकणारे आढळतात.

ऐकण्याच्या पारखेतही एक फसगत ठरलेली आहे. सीडी प्लेअर सुमारे 2 व्होल्टचा संकेत देतो, जो कॅसेट डेकहून बराच जास्त असतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो. दोन प्लेअरांची तुलना करताना आवाजाची पातळी समान केली नाही तर ती तुलना फोल होय. त्याचप्रमाणे तानपुऱ्याची जवारी बोथट आणि बायाँचा घुमारा गढूळ वाटत असेल, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी तबकडी पाहावी, कारण दीडशे गाण्यांच्या एमपी3 सीडीत दर सेकंदाला बहुधा 128 किलोबिट एवढीच माहिती असते, तर मूळ सीडीत ती 1,411 किलोबिट असते. याच्या उलट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या सीडींत जी खरखर ऐकू येते ती मूळ ध्वनिमुद्रणातलीच असते. ती नाहीशी करण्यासाठी ट्रेबल उतरवले की स्वराची धारही उतरते, आणि खरखर सोसून सूर राखणे हाच अधिक रसिक पर्याय म्हणावा लागेल.

सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत दुर्लक्षित सुधारणा खोलीची आहे. शहाबाद आणि सेडमच्या खाणींतून निघणारी फरशी इथल्या बहुतेक घरांत असते. ती उन्हाळ्यात पायांना गार लागते, पण आवाज जसाच्या तसा परतवते, आणि उघड्या भिंतींची तिला साथ मिळाली की उंच स्वर चिरके आणि शब्द अस्पष्ट होतात. नवा प्लेअर किंवा जाड केबल घेऊन हा दोष जात नाही. स्पीकर कोपऱ्यातून हात-दीड हात पुढे ओढणे, त्यांच्या आणि श्रोत्याच्या मध्ये जाड सतरंजी अंथरणे आणि मागील भिंतीवर गोधडी किंवा पुस्तकांचे कपाट असणे, एवढ्याने पडणारा फरक यंत्र बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा बहुधा मोठा असतो. कागदावर सीडीची व्याप्ती, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर, 96 डेसिबल आहे. मे महिन्यातील कलबुर्गीच्या दुपारी डोक्यावर पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना त्या अंतराचा खालचा भाग पंख्याच्या घरघरीत बुडून जातो, म्हणून मंद्र सप्तकातील आलाप ज्यांना खरोखर ऐकायचा असतो ते तो रात्री दहानंतर किंवा पहाटे लावतात.