पाण्याची पातळी आणि बिनतारी निरोप

धार जिल्ह्याच्या कुक्षी तालुक्यातील निसरपूर गावाला पाण्याच्या पातळीचे मोल सांगावे लागत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि नर्मदेच्या फुगवट्याचे पाणी गावात शिरले. पातळी मोजण्याचे तत्त्व मात्र शाळेतील मुलांनाही घरगुती टाकीवर पडताळून पाहता येते.

आर्डुइनो बोर्डाला ध्वनिलहरींचा संवेदक जोडावा. तो टाकीच्या तोंडाशी बसवितात. त्याचा सूक्ष्म आवाज पाण्यावरून परत येतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने, लागलेल्या वेळेवरून अंतर काढता येते. मात्र जाण्यायेण्याचा वेळ असल्यामुळे उत्तराला दोनने भागावयाचे असते. विद्यार्थी हमखास चुकतात ते येथेच.

हा आकडा भ्रमणध्वनीवर पाहण्यासाठी एचसी-०५ हा ब्लूटूथ घटक पुरेसा आहे. वीज व जमीन या दोन तारा सरळ जोडाव्यात. पाठविण्याच्या व घेण्याच्या तारा मात्र उलटसुलट. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडावे, एवढाच त्याचा अर्थ. बोर्ड ५ व्होल्टवर चालतो, घटकाच्या 'कानाला' मात्र ३.३ व्होल्टच मानवतात. म्हणून बोर्डाच्या पाठविण्याच्या टोकापासून १ किलोओहमचा रोधक घ्यावा, त्याच्या दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत २ किलोओहमचा लावावा आणि दोहोंच्या जोडावरून घटकाला तार द्यावी. तेथे सुमारे ३.३ व्होल्ट मिळतात. रोधकांचा हा अल्प खर्च वाचविण्यात शहाणपण नाही. घटक निकामी होऊ शकतो.

बोर्डाच्या ० व १ क्रमांकाच्या टोकांना घटक जोडला असेल, तर कार्यक्रम भरताना त्या तारा काढून ठेवाव्यात. संदेशाचा वेग साधारणतः ९६०० असतो. जोडणीचा संकेतांक बहुधा १२३४ असतो; तो बदलून घेणे हिताचे. हा घटक आयफोनशी बोलत नाही, त्यासाठी कमी वीज घेणारा निराळा प्रकार लागतो.

ब्लूटूथचा पल्ला सुमारे १० मीटर असून भिंतींमुळे तो आणखी घटतो. तेव्हा असा खेळ पुराची सूचना देण्यासाठी वापरणे सर्वस्वी अयोग्य होय. पुराच्या वेळी प्रशासनाचे इशारेच पाळावेत. पंपाच्या २३० व्होल्टच्या तारांनाही विद्यार्थ्यांनी हात लावू नये. साधा संवेदक जलरोधक नसतो; दमट टाकीत जलरोधक प्रकार घ्यावा, आणि पहिले आठ दिवस यंत्राचा आकडा लाकडी पट्टीशी रोज ताडून वहीत लिहावा.